मिठाच्या पाण्यातलं पोलाद

(कऱ्हाटी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छपाईसाठी किरकोळ संपादन केलं आहे.)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते शास्त्राच्या तासाला आधी गावातली एखादी वस्तू पुढ्यात ठेवायचे आणि मग पुस्तक उघडायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मीही तोच क्रम ठेवतो. आजचा विषय आहे शरीरात बसवायच्या इम्प्लांटवरचे आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांवरचे संरक्षक थर. गावातली वस्तू म्हणून मी पाणी निवडलं आहे.

आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असं नाव दिल्यामुळे इथल्या कऱ्हा नदीला मराठी साहित्यात मान आहे. प्रयोगशाळा मात्र कुठल्याही नदीचं पाणी लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार एवढ्यावरच ओळखते. बारामती तालुक्यातला आपला हा पट्टा जिरायती; विहीर, बोअर आणि जनाई-शिरसाई उपसा योजनेचं आवर्तन यांवर चालणारा. खाली नीरा डाव्या कालव्याची बागायत आहे, १८८५ पासूनची. त्या कालव्यानं ऊस आणला आणि पंचवीस वर्षांच्या आत जमिनीला मीठही फोडलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. तेव्हा चोपण म्हणजे काय, मीठ फुटणं म्हणजे काय, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला शिकवायला नको. धातूंचा अभ्यास करणाऱ्याला या मिठातल्या एकाच घटकाची धास्ती असते. त्याचं नाव क्लोराइड.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असावं, दुसरं पाणीच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या रक्तद्रवात ते साधारण साडेतीन हजार असतं. म्हणजे नळाला आलं तर ग्रामपंचायतीवर मोर्चा जाईल, इतकं खारट पाणी आपण प्रत्येक जण अंगात वागवतो. तेही ३७ अंशांवर, प्राणवायू मिसळलेलं, प्रथिनं आणि पेशी यांच्यासह. अशा पाण्यात डॉक्टर रॉड टाकतात, प्लेट टाकतात, गुडघ्याची वाटी बदलतात, आणि घरचे विचारतात, “डॉक्टर, किती वर्षं टिकेल?” प्रश्न रास्त आहे. फक्त तो धातूला विचारला जातो आणि उत्तर द्यायचं असतं धातूच्या अंगावरच्या थरानं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन विल्यम आर्बथनॉट लेन मोडलेल्या हाडांना पोलादी पट्ट्या स्क्रूनं बसवत. कल्पना उत्तम होती, हातही कसबी होता, पण पट्ट्या शरीरात गंजत. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये क्रोमियम मिसळलेलं, न गंजणारं पोलाद केलं. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हेनेबल आणि स्टक या सर्जनांनी दाखवून दिलं की प्लेट एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचा असला, की शरीराच्या खारट द्रवात त्यांची बॅटरी तयार होते आणि दोघांपैकी एक झिजत जातो. हा धडा आजही लागू आहे. पुरवठादाराकडे एका मापाचा स्क्रू संपला म्हणून स्टेनलेसच्या प्लेटला टायटॅनियमचा स्क्रू मारायचा नसतो.

स्टेनलेस गंजत का नाही? त्यात क्रोमियम असतं आणि क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर ऑक्साइडचा पडदा धरतं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातल्या दोन ते पाच भागांइतकी या पडद्याची जाडी. डोळ्यांना तो दिसत नाही, बोटांना लागत नाही. तुमच्या आजीच्या काळी पितळेच्या पातेल्यांना कल्हई होत असे. नवसागराचा धूर, कथलाची चकाकी, आणि मग त्यात आंबट आमटी निर्धास्त शिजायची. कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट बघायची. स्टेनलेसचा कल्हईवाला त्याच्या पोटातच असतो. ओरखडा पडला की प्राणवायू मिळताच पडदा पुन्हा धरतो, क्षणभरात. मात्र जिथे प्राणवायू पोचत नाही आणि क्लोराइड साचतं, म्हणजे सांध्याच्या फटीत, स्क्रूच्या डोक्याखाली, वाळलेल्या रक्ताच्या खपलीखाली, तिथे पडदा फाटतो आणि पुन्हा धरत नाही. तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. वरून हत्यार चकचकीत दिसतं आणि खड्डा आत खोल जात राहतो.

आता हत्यारांकडे येतो. या विषयावर बोलणारे बहुतेक जण इम्प्लांटवर थांबतात, कारण पैसा तिथे आहे. आर्टरी फोर्सेप्स, कात्री, नीडल होल्डर यांवर कोणी व्याख्यान देत नाही. पण एक गुडघा एका माणसाच्या उपयोगी पडतो, एक आर्टरी शेकडो माणसांच्या.

हत्याराचं स्टेनलेस आणि इम्प्लांटचं स्टेनलेस एक नव्हे. इम्प्लांटमध्ये निकेल आणि मॉलिब्डेनम भरपूर असतं, कार्बन नावाला. कात्रीला धार हवी, म्हणून तिच्यात कार्बन वाढवावा लागतो आणि पोलाद तापवून पाणी द्यावं लागतं. हा कार्बन थोडं क्रोमियम स्वतःकडे अडकवून ठेवतो, म्हणून पडद्याला कमी पडतं. धार आणि गंजरोध यांचं असं हाडवैर आहे. कारखानदार हत्यार घासूनपुसून झाल्यावर ते नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवतो. पृष्ठभागावर चिकटलेला मोकळा लोखंडाचा कण निघून जातो आणि पडदा नीट धरतो. याला पॅसिव्हेशन म्हणतात. हत्याराचं पहिलं आणि सगळ्यात स्वस्त कोटिंग ते हेच. उरलेली जबाबदारी दवाखान्याची.

आणि दवाखान्यात काय होतं? सकाळची केस संपते, हत्यारं ट्रेमध्ये पडून राहतात, रक्त वाळतं. कोणीतरी ती सलाइनमध्ये भिजवतं, कारण सलाइन हाताशी असतं आणि ते ‘स्वच्छ’ असतं. सलाइनमध्ये लिटरमागे साडेपाच हजार मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं! जखमेला ते अमृत, हत्याराला विष. मग हायपोक्लोराइटचं द्रावण. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना प्रशिक्षणात शिकवलेलं असतं, अर्धा टक्का क्लोरीन, दहा मिनिटं, मग लगेच धुणं. दहा मिनिटांपर्यंत ठीक आहे. पण दुसरी केस येते, दहाचे साठ होतात, कधी रात्र जाते. त्यात दोष सिस्टरचा कमी आणि माणसं कमी नेमणाऱ्यांचा जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. यानंतर बोअरच्या पाण्यानं धुणं आणि ऑटोक्लेव्ह: १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं किंवा १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतो. शस्त्रक्रियेच्या हत्यारांची निगा सांगणाऱ्या जर्मन तज्ज्ञांच्या पुस्तिकेत धुण्याच्या पाण्यातल्या क्लोराइडची सुरक्षित मर्यादा लिटरमागे साधारण १२० मिलिग्रॅम दिली आहे. जिभेला खारटपणा कळायला लागतो तो साधारण २५० च्या पुढे. म्हणजे जे पाणी पिताना मचूळ लागतं, ते हत्याराची हद्द ओलांडून दुपटीनं पुढे गेलेलं असतं.

इथे सभागृहात काही सिस्टर बसलेल्या दिसतात, बारामतीच्या अहिल्यादेवी होळकर वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थीही आहेत. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. हत्यारावर तपकिरी डाग दिसला की तो गंजच असतो असं नाही. पाइपातला किंवा बॉयलरमधला लोहाचा अंश वाफेबरोबर येऊन बसतो. शाळेतल्या खोडरबरानं घासून बघा. डाग गेला आणि खाली पृष्ठभाग गुळगुळीत निघाला तर तो नुसता डाग. खाली खड्डा दिसला तर हत्यार बाजूला काढा. गंजलेलं एक हत्यार ड्रममध्ये ठेवलं तर त्याचा गंज शेजारच्या नव्यावर जाऊन बसतो. तारेच्या काथ्यानं घासू नका. लोखंडाचे कण घासले जाऊन पडद्यात रुततात. शेवटचं खळबळणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यानं करा, आणि सांध्यात पाणी राहू देऊ नका, पहिली चीर तिथेच जाते.

लोकांना चकाकीचं आकर्षण असतं, त्यामुळे एक गंमत सांगतो. काही कात्र्यांच्या आणि नीडल होल्डरच्या मुठीच्या कड्या सोनेरी असतात. तो सोन्याचा मुलामा नुसती खूण आहे: या हत्याराच्या जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या आहेत, सुई घट्ट धरते, धार टिकते. काळी हत्यारं असतात ती लेझरच्या शस्त्रक्रियेसाठी. चकचकीत पोलादावरून लेझरचा झोत उसळून भलतीकडे जाऊ नये म्हणून. आणि काही ड्रिल, ब्लेड खरोखरच सोनेरी थराचे असतात, टायटॅनियम नायट्राइडचे. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करून, नायट्रोजन सोडून, दोन ते चार मायक्रॉन जाडीचा हा थर बसवतात. पोलादाच्या तो कितीतरी पट कठीण असतो. पुण्याजवळच्या कारखान्यांमध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी लागणाऱ्या कटरवर हेच कोटिंग रोज होतं. गाडीच्या कारखान्यातून दवाखान्यात आलेलं हे तंत्र आहे, उलट नव्हे.

एका थराबद्दल मात्र गंमत करता येत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वापरायच्या हत्यारांच्या दांड्यावर प्लास्टिकचं आवरण असतं. टोकाशी वीज सोडून रक्तस्राव थांबवतात. ती वीज दांड्यातून आतड्याला लागू नये म्हणून ते आवरण. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. आज ती तालुक्याच्या गावी होते. हत्यार वारंवार ऑटोक्लेव्हमध्ये जाऊन, पोटात हत्यार घालायच्या नळीच्या, म्हणजे ट्रोकारच्या, कडेला घासून आवरणाला केसासारखी भेग पडते. सर्जनचं लक्ष पडद्यावर दिसणाऱ्या टोकाकडे असतं, भेग असते पडद्याच्या बाहेर. आतडं भाजलं तर त्या दिवशी कळत नाही. तीन-चार दिवसांनी पोट फुगतं, ताप येतो. भेग शोधणारं तपासणीयंत्र मिळतं. ते फार महागही नाही. दुर्बिणीवर लाखो रुपये घालणाऱ्या दवाखान्याकडे ते असतं का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

इम्प्लांटकडे येऊ. टायटॅनियमची गोष्ट स्वीडनची आहे. पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमच्या नळ्या बसवून रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर नळ्या निघेनात. हाड धातूला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळं बसवली. दंतवैद्य आज ‘इम्प्लांट’ म्हणतात ते हेच. इथेही हाडाला टायटॅनियम धातू लागतच नाही, लागतो त्याचा ऑक्साइड, आणि हाडाला तो परका वाटत नाही. हा ऑक्साइड विजेच्या साहाय्यानं जाड करता येतो. जाडी बदलली की प्रकाशाच्या खेळानं रंग बदलतो: निळा, जांभळा, हिरवा, सोनेरी. रंगाचा थेंब न वापरता आलेला रंग! शल्यविशारदाच्या पेटीत रंगीत स्क्रू असतात ते मापं पटकन ओळखता यावीत म्हणून.

देवरुखजवळच्या साडवलीला, आपल्या कोकणात, हाडांच्या इम्प्लांटचा कारखाना आहे. अशा कारखान्यांत प्लेटला आकार देण्यापेक्षा तिच्या पृष्ठभागाची कामं जास्त किचकट असतात. कायमचं ठेवायचं असेल ते खडबडीत करायचं, म्हणजे हाड धरेल. काढायचं असेल ते गुळगुळीत, म्हणजे सुटेल. तरुण पोराचा पाय मोटारसायकलवरून पडून मोडला, प्लेट टाकली, दीड-दोन वर्षांनी काढायची आहे, तर चांगलं पॉलिश केलेलं स्टेनलेस पुष्कळदा सोयीचं. टायटॅनियमला हाड इतकं धरतं की काढताना स्क्रूचं डोकं तुटतं. महाग ते चांगलं हा नियम इथे चालत नाही. उलट खुब्याचा दांडा हाडात कायम रुतवायचा तर त्यावर हाडातलाच क्षार, हायड्रॉक्सिॲपेटाइट, प्लाझ्माच्या ज्योतीतून फवारतात. पन्नास ते दीडशे मायक्रॉनचा पांढरा थर. लंडनचे सर्जन रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये असा दांडा पहिल्यांदा वापरला. थर फार जाड झाला तर सोलून निघतो, पातळ झाला तर हाड पोचण्याआधी विरघळतो. दुसऱ्याच्या अंगावर बसवलेल्या प्रत्येक थराची हीच तऱ्हा: तो चांगला आहे का, याआधी तो तिथे राहील का, हे विचारावं लागतं.

मिठाइतकाच दुसरा शत्रू म्हणजे घर्षण. २४ ऑगस्ट २०१० रोजी जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीनं एएसआर नावाचा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. जगात सुमारे ९३,००० लोकांना तो बसवलेला होता. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा कोबाल्ट-क्रोमियमच्याच वाटीत फिरे. धातू कठीण, म्हणून तो झिजणार नाही असा हिशेब. पण वाटी उथळ होती, जरा तिरकी बसली की गोळा काठावर घासे. प्रत्येक पावलाला ऑक्साइडचा पडदा निघायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा निघायचा, आणि दर वेळी थोडं कोबाल्ट, थोडं क्रोमियम रक्तात जायचं. आसपासचं मांस सडून गेलेले रुग्ण होते.

भारतात यावर पहिली पोलिसी कारवाई महाराष्ट्रानं केली, याची नोंद आपण ठेवली पाहिजे. महेश झगडे तेव्हा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. २०११ मध्ये प्रशासनानं माहीम पोलीस ठाण्यात कंपनीविरुद्ध गुन्हा नोंदवला. केंद्राची समिती नेमायला २०१७ उजाडलं आणि नुकसानभरपाईचं सूत्र, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत, २०१८ च्या अखेरीस ठरलं. मधल्या काळात कितीतरी रुग्ण सापडलेच नाहीत, कारण कोणाला कोणता सांधा बसवला याची नीट यादी नव्हती. इम्प्लांटच्या खोक्यात लॉट नंबर असलेले स्टिकर येतात. एक केसपेपरवर, एक रुग्णाच्या हातात. घरी तो कागद सातबाऱ्याबरोबर ठेवा. माझ्या नात्यात एका वृद्ध बाईंना तो मिळाला नव्हता. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनना एक्स-रे बघून अंदाजानं काम करावं लागलं.

आता सोनेरी गुडघा. हा शब्द पुण्याच्या जाहिरातफलकांवरून आपल्याकडे आला आहे. ऊस बांधणाऱ्या, कांदा काढणाऱ्या, चाळीस वर्षं उकिडवं बसून काम केलेल्या बायकांचे गुडघे जातात आणि मुलगा सुनेला म्हणतो, “आईला सोन्याचाच बसवू.” त्यात सोनं नसतं. आत तोच कोबाल्ट-क्रोम, वर टायटॅनियम नायोबियम नायट्राइडचा किंवा झिर्कोनियम नायट्राइडचा थर, काही मायक्रॉनचा. हे नायट्राइड पिवळे दिसतात, एवढाच सोन्याशी संबंध. हा थर खोटा नाही. निकेलची ॲलर्जी असेल, खोट्या कानातल्यानं कान चिघळत असतील, तर त्या बाईबाबत सर्जनशी तो विषय जरूर काढावा. थरामुळे धातूचे आयन कमी बाहेर पडतात. पण साध्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत, चालणं, दुखणं, पुन्हा शस्त्रक्रिया लागणं यांत या थरानं सरशी दाखवलेली नाही. ‘आयुष्यभर टिकेल’ हे वाक्य थराच्या कठीणपणावरून काढलेलं आहे, माणसांवरून नव्हे. झिजतो तो बहुधा दोन धातूंच्या मधला पॉलिथिलिनचा तुकडा, आणि गुडघा टिकतो तो हाडं किती अचूक कोनात कापली आणि जंतुसंसर्ग झाला की नाही यावर. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसांच्या हाडांची मापं आणि मांडी घालून बसण्याची सवय लक्षात घेऊन ‘इंडस’ गुडघा तयार केला. त्यांनी लक्ष घातलं ते आकारात, आणि माझ्या मते प्राधान्य बरोबर होतं.

सरकारनंही पृष्ठभागाची किंमत एकदा ठरवली. ऑगस्ट २०१७ च्या आदेशात कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमला ७६,६००. त्याच वर्षी फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटवर मर्यादा आली होती: साधा धातूचा स्टेंट ७,२६०, औषधाचा लेप असलेला २९,६००. वजाबाकी करून बघा. दोन्हीकडे फरक बावीस हजारांच्या आसपास. स्टेंटच्या बाबतीत मी हे पैसे द्या म्हणेन. साध्या स्टेंटवर पेशी वाढून नळी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण पाचात एक ते तिनात एक असं होतं. सिरोलिमससारखं औषध थोडं थोडं सोडणाऱ्या लेपानं ते दहा टक्क्यांच्या खाली आलं. हा लेप खरोखर काम करतो.

पण याच लेपानं महाराष्ट्राला एक धडा शिकवला. २००४-०५ मध्ये जे. जे. रुग्णालयात एका डच कंपनीचे औषधलेपित स्टेंट रुग्णांना बसवले जात असल्याचं उघड झालं. त्या स्टेंटना तोपर्यंत युरोपातही विक्रीची परवानगी नव्हती. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं ते थांबवलं. तेव्हा लक्षात आलं की गोळीला परवाना लागतो, पण हृदयात कायमच्या बसणाऱ्या, औषधाचा लेप असलेल्या जाळीला नेमका कोणता कायदा लागतो हेच स्पष्ट नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्रानं स्टेंट, हाडांची इम्प्लांट, हृदयाच्या झडपा, बोन सिमेंट अशी दहा उपकरणं औषध कायद्याखाली आणली. पुढच्याच वर्षी युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत वेगळी काळजी उभी राहिली: औषध संपून गेल्यावर ते धरून ठेवणारं, मागे उरलेलं पॉलिमर वर्षा-दोन वर्षांनी रक्ताची गुठळी तर धरत नाही ना? त्यातून आपोआप विरघळणारी पॉलिमरं आली. थर बसवताना तो आपलं काम संपल्यावर काय करेल, हा विचार आधी कोणी फारसा केला नव्हता.

जंतूंबद्दल थोडक्यात. इम्प्लांट आत गेल्यावर त्याच्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते: आपल्या पेशी आधी बसतात की जंतू. जंतू आधी बसले तर ते चिकट पांघरूण घेतात आणि प्रतिजैविक आत पोचत नाही. म्हणून चांदीचा विचार सुरू झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं जखमांवर लावायचं जेल तयार केलं. त्यावरचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही तीच संस्था, जिचं गव्हाच्या वाणांचं प्रक्षेत्र आपल्या तालुक्यात होळला आहे. हाडाच्या कर्करोगात बसवायच्या मोठ्या कृत्रिम सांध्यांवर परदेशात चांदीचा थर देतात. सरसकट सगळ्या गुडघ्यांवर तो द्यावा असं मी म्हणणार नाही. चांदी जंतूला मारते त्या मात्रेत आणि आपल्या पेशीला त्रास देते त्या मात्रेत अंतर फार नसतं.

तुमच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन घेतो.

“प्लेट असताना एमआरआय करता येतो का?” बहुतेक वेळा येतो. टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम आणि इम्प्लांटचं स्टेनलेस चुंबकाला लोखंडासारखं ओढलं जात नाही. पण हा निर्णय तुमच्या सांगण्यावर सोडू नका, तंत्रज्ञाला तो स्टिकर दाखवा.

दुसरी चिठ्ठी कोणी लिहिली माहीत नाही, पण प्रश्न धीट आहे: “तिसऱ्या दिवशी राख सावडताना वडिलांचा गुडघा जसाच्या तसा सापडला. त्याचं काय करावं?” चितेच्या उष्णतेनं यातला एकही धातू वितळत नाही. स्टेनलेस काळं पडून खपल्या धरतं, टायटॅनियम राखाडी-निळं होतं, कोबाल्ट-क्रोम पुष्कळदा पुसलं की ओळखू येतं. अस्थींबरोबर नदीत टाकू नका. तो तिथे आपल्या नातवंडांनंतरही राहील. कोणाला पुन्हा बसवायचाही नाही, पृष्ठभाग गेलेला असतो. हॉलंडमध्ये १९९७ पासून एक कंपनी स्मशानांतून असे तुकडे गोळा करून वितळवते आणि तो धातू पुन्हा उद्योगाला जातो. आपल्याकडे तशी सोय ग्रामपंचायतींनी मिळून करायला हरकत नाही. तोवर भंगारवाल्याला द्यायचाच झाला, तर गुडघ्याचा तो जड, गुळगुळीत तुकडा स्टेनलेसच्या भावात देऊ नका. कोबाल्ट त्याच्या कितीतरी पट महाग आहे.